‘कँडिड’ आणि आपला चंद्र

नमस्कार मंडळी! गेल्या महिन्यात खानापूरला मामेबहिणीचं लग्न होतं. फोटो काढणारा पोरगा आमच्या थोरल्या मामांना सारखा सांगत होता, "मामा, इकडं बघू नका की, कँडिड घ्यायलोय." मामांनी फेटा सारखा केला, ताठ बसले आणि थेट कॅमेऱ्याकडंच बघितलं. मग मला हळूच विचारलं, "कँडिड म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "आपल्या नकळत काढलेला फोटो." घरी येऊन शब्दकोश उघडला, तेव्हा कळलं की मी त्यांना अर्धंच सांगितलं होतं.

कँडिड माणूस म्हणजे मोकळा, सरळ, पोटात एक आणि ओठांत एक असं नसलेला. इंटरव्ह्यूत कुणी "बी कँडिड" म्हणालं, तर तो आडपडदा न ठेवता बोलायला सांगतोय. बेळगावात मराठी शाळेत शिकून कॉलेजला गेलेल्या मुलांसाठी हे मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडं हा शब्द लग्नाच्या फोटोंमधूनच आलाय आणि तिथंच अडकलाय.

मूळ लॅटिन शब्द ‘कँडिडस’, म्हणजे पांढरा. पण साध्या, निस्तेज पांढऱ्याला लॅटिनमध्ये ‘आल्बुस’ म्हणत. कँडिडस म्हणजे लख्ख, उजळ. चुना मारलेली भिंत पांढरी, आणि नीळ देऊन उन्हात वाळत घातलेलं आजोबांचं धोतर पांढरंशुभ्र. तसा तो फरक.

आता रोमच्या निवडणुकीत या. तिथले पुरुष टोगा नेसायचे, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं लोकरीचं लांबरुंद वस्त्र. निवडणुकीला उभं राहणारा माणूस त्यावर खडूची पूड चोळून तो आणखी पांढरा करायचा आणि चौकात लोकांचे हात हातात घेत मतं मागत फिरायचा. गर्दीत तो लांबूनही उठून दिसणार! अशा शुभ्र वस्त्रातल्या माणसाला ‘कँडिडाटुस’ म्हणत. तोच आजचा कँडिडेट. इतिहासकार लिव्ही सांगतो की, इ.स.पू. 432 च्या सुमारास मतं मागण्यासाठी कपडे असे पांढरे करायला कायद्यानं बंदी झाली. प्रथा मात्र टिकली. इ.स.पू. 64 मध्ये रोमचा नामांकित वक्ता सिसेरो स्वतः निवडणुकीला उभा असताना त्यानं केलेलं भाषण ‘शुभ्र टोग्यातलं भाषण’ याच नावानं ओळखलं जातं. आमच्या भागात कन्नडमध्ये म्हणतात, "बेळ्ळगिरोदेल्ला हालल्ल", पांढरं दिसतं ते सगळंच दूध नव्हे. रोमच्या मतदारालाही ही म्हण लगेच पटली असती.

आपण मात्र कँडिडेटला उमेदवार म्हणतो. फारसीतून आलेला शब्द, उमेद बाळगणारा. रोमनांनी त्याचे कपडे बघितले, आपल्या शब्दानं त्याचं मन बघितलं. मला आपला शब्द जास्त आवडतो.

इंग्रजीत सतराव्या शतकात कँडिड आला तो ‘पांढरा’ या अर्थानंच. मग निर्मळ मनाचा, आणि पुढं स्पष्ट बोलणारा. फोटोचा अर्थ 1930 च्या आसपासचा. एरिक सालोमन हा जर्मन छायाचित्रकार छोट्या कॅमेऱ्यानं पुढाऱ्यांचे बेसावध क्षण टिपायचा, त्याच्या कामाला इंग्रजीत कँडिड म्हणू लागले.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. कँडिडसच्या मुळाशी ‘कँडेरे’ आहे, म्हणजे चमकणं. आणि संस्कृतात ‘चंद्र’ म्हणजे मुळात चमकणारा! भाषाशास्त्रज्ञ या दोघांना एकाच जुन्या धातूची लेकरं मानतात. संस्कृतातून लॅटिन निघाली असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दोघी बहिणी आहेत, आई त्यांच्याहून जुनी. आता हरिश्चंद्र हे नाव नीट म्हणून बघा. हरि आणि चंद्र जोडले तर हरिचंद्र व्हायला हवं. मग मधला श् कुठला? वेदांत चंद्राचं ‘श्चंद्र’ असं जुनं रूप सापडतं, ते या नावात जपलं गेलंय. नेहमीच्या नियमात बसेना म्हणून पाणिनीनं त्यासाठी वेगळं सूत्र दिलं. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाच्या नावात आणि खरं बोलणाऱ्या कँडिडमध्ये तोच उजेड आहे. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

परवा लग्नाचा अल्बम आला. अल्बमसुद्धा त्या आल्बुसचाच. रोममध्ये जाहीर सूचना लिहायच्या पांढऱ्या फळीला अल्बम म्हणत. त्यात ताठ बसलेले मामा आहेतच. पण एका फोटोत ते पंगतीत, कुंद्याचा घास हातातच धरून व्याह्यांशी कन्नडमध्ये बोलत खळखळून हसतायत, फेटा मागं सरकलाय. मी फोन करून त्यांना कँडिडचा राहिलेला अर्थ सांगितला. त्यांनी तोच फोटो फ्रेम करायला दिलाय.