बारा, शंभर, आठशे

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी फळ्यावर तीन आकडे लिहून ठेवतो. १२, १०० आणि ८००. शेवटपर्यंत ते पुसू नका.

एक गाडी डोळ्यांसमोर आणा. बुटकी, रुंद. समोरून पाहिली तर साधारण २ चौरस मीटर जागा अडवणारी. हवा कापण्यात ती किती तरबेज आहे हे सांगणारा एक गुणांक असतो, तो या गाडीसाठी ०.३५ च्या आसपास धरू. आता ही गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने पळवा. समोरची हवा बाजूला सारायला तिला किती ताकद लागते? जेमतेम १२ अश्वशक्ती. दीडशे सीसीची मोटारसायकल देते तेवढीच. वेग २०० करा, लागतात १००. वेग ४०० करा, लागतात जवळजवळ ८००. दर वेळी वेग दुप्पट झाला आणि ताकद आठपट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो विरोध दर सेकंदाला आधीपेक्षा जास्त अंतरभर रेटत न्यायचा असतो, म्हणून ताकदीची मागणी घनाने वाढते. बारावीच्या मुलाला समजेल असं हे गणित आहे, पण महागड्या वेगवान गाड्यांची सगळी कहाणी त्यातून निघते.

हे ८०० फक्त हवेचे. टायर रस्त्यावर दबतात त्याचे वेगळे, गिअरबॉक्समधल्या घर्षणाचे वेगळे. बेरीज हजारच्या आसपास जाते. बुगाटी कंपनीच्या वेरॉन या गाडीची अश्वशक्ती १००१ का होती, हे कुणाला उगाच मिरवायला घेतलेला आकडा वाटत असेल, तर त्यांनी हे गणित घरी एकदा करून पाहावं.

फर्डिनांड पीएश हे त्या वेळी फोक्सवॅगनचे प्रमुख होते. स्वतः हाडाचे इंजिनिअर. १९९७ मध्ये जपानच्या शिन्कान्सेन गाडीत बसल्या बसल्या त्यांनी १८ सिलिंडरच्या एका इंजिनाचं चित्र पाकिटावर काढलं. पुढच्या वर्षी फोक्सवॅगनने बुगाटी हे नाव विकत घेतलं. १८ चे शेवटी १६ सिलिंडर झाले, पण अटी तशाच राहिल्या. १००१ अश्वशक्ती, ताशी ४०० च्या वर वेग, शून्यापासून १०० पर्यंत ३ सेकंदांच्या आत, आणि त्याच संध्याकाळी त्याच गाडीतून, कपड्यांची घडी न मोडता, ऑपेरा ऐकायला जाता आलं पाहिजे. बहुतेक लोक पहिल्या तीन अटींवर थबकतात. मला विचाराल तर सगळ्यात अवघड अट चौथीच होती. शर्यतीची गाडी तासाभराने उघडून दुरुस्त करता येते. ही गाडी मात्र ट्रॅफिकमध्ये उभी राहायची होती, एसी लावून, न तापता.

तापण्याकडेच येऊ, कारण आजचा खरा विषय तोच आहे. पेट्रोलच्या इंजिनाला मिळालेल्या ऊर्जेपैकी फार तर एक तृतीयांश चाकांकडे जाते. बाकी सगळी उष्णता. १००१ अश्वशक्ती म्हणजे ७३६ किलोवॉट. तेवढं काम चाकांना मिळतं तेव्हा त्याच्या निदान दुप्पट, म्हणजे १५०० किलोवॉटच्या आसपास, उष्णता गाडीतून बाहेर काढावी लागते. आपल्या घरातल्या गॅसच्या मोठ्या बर्नरची आच दोन-अडीच किलोवॉट असते. म्हणजे सहाशे बर्नर, सगळे मोठ्या आचेवर, आणि ते सगळे दोन माणसांच्या पाठीमागे दीड-दोन मीटर लांबीच्या जागेत. यातली साधारण अर्धी उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते. उरलेली पाण्याने आणि ऑइलने वाहून न्यायची.

माझ्या लहानपणी वडिलांची गाडी खंडाळ्याचा घाट चढताना तापायची. तो काळ ज्यांना आठवतो त्यांना घाटात जागोजागी बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आठवतील, आणि डिकीतला पाण्याचा कॅनही. एक रेडिएटर आणि चाळीस-एक अश्वशक्ती, तरी ही अवस्था. वेरॉनला रेडिएटर आहेत दहा. इंजिनाच्या पाण्यासाठी, इंजिन ऑइलसाठी, गिअरबॉक्सच्या ऑइलसाठी, चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलसाठी, एसीसाठी, आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेसाठीसुद्धा.

हवेसाठी रेडिएटर कशाला? सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक हाताला गरम लागतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. हवा दाबली की तापते. वेरॉनचं इंजिन ८ लिटरचं आणि त्याला चार टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणारे पंखे. पूर्ण ताकदीवर ते मिनिटाला ४०,००० लिटरहून जास्त हवा ओढतं. ही दाबलेली, तापलेली हवा तशीच सिलिंडरमध्ये गेली तर पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता पेटतं आणि पिस्टन ठोकरला जातो. म्हणून तिला आधी गार करायची. तरीही भागत नाही, तेव्हा टर्बो इंजिनं पूर्ण ताकदीवर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल आत सोडतात. ते पेट्रोल जळण्यासाठी नसतंच, त्याची वाफ होताना सिलिंडर गार व्हावा एवढ्यासाठी ते असतं. १०० लिटरची टाकी कमाल वेगाला साधारण १२ मिनिटांत रिकामी होते, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता गाठ कुठे बसते पाहा. रेडिएटरला हवा हवी. हवा आत घ्यायची तर गाडीच्या अंगाला तोंडं पाडावी लागतात. प्रत्येक तोंड म्हणजे हवेला नवा अडथळा. अडथळा वाढला की फळ्यावरचा ८०० चा आकडा वर सरकतो. मग इंजिन मोठं करा. मोठं इंजिन जास्त तापणार, मग रेडिएटर वाढवा, मग तोंडं वाढवा. वजन वाढतं ते निराळंच. या चक्रातून बाहेर पडण्यात बुगाटीच्या लोकांची कित्येक वर्षं गेली. ऑगस्ट २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवर जाहीर प्रात्यक्षिकात गाडी घसरून गोल फिरली. नेतृत्व बदललं, तांत्रिक बाजू वोल्फगांग श्रायबर यांच्याकडे आली आणि उत्पादन २००५ मध्ये सुरू झालं. इंजिनावर झाकण घालायचं बुगाटीने टाळलं. गाडीच्या पाठीवर ते उघडंच दिसतं. लोकांना ती नटवलेली शोभा वाटते, पण उष्णतेला वर जायला वाट मोकळी राहते, हा त्यातला मोठा फायदा.

उघडी तोंडं आणि कमी अडथळा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत, म्हणून ही गाडी आकार बदलते. नेहमीच्या स्थितीत तिचा वेग ३७५ वर अडवलेला आहे. त्यापुढे जायचं तर गाडी पूर्ण थांबवायची आणि चालकाच्या आसनाशेजारच्या कुलपात दुसरी किल्ली फिरवायची. मग गाडी खाली बसते, जमिनीपासून फक्त साडेसहा सेंटिमीटरवर. मागचा पंख आत जातो, पुढच्या बाजूची खालची झडपं मिटतात. या अवस्थेत तिचा गुणांक सुमारे ०.३५५ असतो, एरवी तो ०.४ च्या आसपास. पंख आत घेतला की गाडीला जमिनीवर दाबून धरणारा जोर कमी होतो, म्हणजे वळणावरची पकड कमी होते. म्हणून स्टिअरिंग जास्त वळवलं किंवा ब्रेक दाबला की ही अवस्था आपोआप रद्द होते. मला हा दुसऱ्या किल्लीचा विचार फार आवडतो. चालकाने थांबावं, उतरत्या गाडीकडे लक्ष द्यावं आणि मग जावं, असं ती किल्ली त्याला करायला लावते.

एप्रिल २००५ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसिएनच्या चाचणी मार्गावर वेरॉनने ताशी ४०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. तिचा अधिकृत कमाल वेग ४०७. तिथला सरळ पट्टाच सुमारे ८.७ किलोमीटरचा आहे. शीतयुद्धाच्या काळात तो पूर्व जर्मनीच्या सीमेजवळ बांधला गेला. आपल्याकडे इंदूरजवळ पीथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग सुरू झाला, पण तो लंबगोल आहे. सलग सरळ अंतर ही वेगळीच चैन. ४०७ ला गाडी एका सेकंदात ११३ मीटर जाते. तो पट्टा सव्वा मिनिटात संपतो, आणि संपायच्या आत थांबायचं असतं.

थांबण्याचा हिशोबही एकदा करू. चालक आणि पेट्रोल धरून गाडीचं वजन सुमारे २००० किलो. ४०० च्या वेगाला तिच्यात जी गतिज ऊर्जा असते ती ४० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळी फुटेपर्यंत तापवू शकते. आंघोळीच्या दोन मोठ्या बादल्या. आणि ही ऊर्जा १० सेकंदांच्या आत घालवायची, कारण वेरॉन ४०० वरून तेवढ्यात थांबते. सरासरी काढली तर थांबवणारी ताकद साडेसोळाशे अश्वशक्तीच्या पुढे जाते. इंजिन पळवतं त्यापेक्षा ब्रेक जास्त जोरात अडवतात! त्यासाठी कार्बन सिरॅमिकच्या थाळ्या आहेत, पुढच्या ४०० मिलिमीटर व्यासाच्या. पण खरी चतुराई मागच्या पंखात आहे. जोरात ब्रेक दाबला की तो ०.४ सेकंदात उभा होतो आणि हवाच गाडीला मागे ओढते. ज्या हवेशी इतका वेळ भांडलो तिलाच शेवटी कामाला लावायचं. शिवाय उंच वेगाला हवेने जितकं अडवलं तितकी उष्णता ब्रेकच्या थाळ्यांत शिरतच नाही.

इथे एका दुसऱ्या गाडीबद्दल बोललो नाही तर अन्याय होईल. मॅक्लारेन एफ१. १९९२ मध्ये मोनाकोला ती पहिल्यांदा लोकांनी पाहिली. तिचे कर्ते गॉर्डन मरी, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे. वजनाचं त्यांना इतकं वेड की गाडीत टर्बो नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेक दाबायला मदत करणारा सर्व्हो नाही, ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. सांगाडा पूर्ण कार्बन फायबरचा, रस्त्यावरच्या गाडीत असा तो पहिलाच. चालक मधोमध बसतो, प्रवासी त्याच्या दोन्ही बाजूंना थोडे मागे. बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशे यांनी तिच्यासाठी ६.१ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन केलं, ६२७ अश्वशक्तीचं. गाडीचं वजन ११३८ किलो. वेरॉनचं १८८८. मधला फरक म्हणजे जवळजवळ एक मारुती अल्टो.

उष्णतेचा प्रश्न मरींनाही होताच, पण त्यांचं उत्तर निराळं होतं. कार्बन फायबरमधले धागे चिकटवून धरणारं रेझिन उष्णतेने मऊ पडतं, म्हणून इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावला. अवरक्त किरण परतवण्यात सोन्याइतका भरवशाचा धातू विरळा, आणि ते गंजतही नाही. सगळं मिळून सुमारे १६ ग्रॅम. दीड तोळ्याच्या थोडं वर. लोक त्याला श्रीमंतीचा थाट समजतात, पण त्या कप्प्यात तेच सगळ्यात हलकं उत्तर होतं.

१९९८ मध्ये शर्यतींचे चालक अँडी वॉलेस यांनी याच एरा-लेसिएनला एफ१ ताशी ३८६ किलोमीटर वेगाने नेली. इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा त्यासाठी वाढवली होती, हे सांगायला हवं. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ३८६ वरून ४०७, म्हणजे वेग वाढला २१ किलोमीटरने. अश्वशक्ती वाढली ३७४ ने. नुसत्या घनाच्या नियमाने शंभर-सव्वाशेत भागायला हवं होतं. बाकीची ताकद कुठे गेली? रुंद अंगात, हवा पिणाऱ्या तोंडांमध्ये, जड वजनाखाली दबणाऱ्या रुंद टायरांत, चारही चाकांना ताकद पोचवणाऱ्या यंत्रणेत. म्हणजे त्याच चक्रात. कोण श्रेष्ठ, असं मला अनेकदा विचारतात. मनापासून सांगतो, नितळ विचार म्हणून मी एफ१ चा भक्त आहे. चक्रात शिरायचंच नाही, असं मरींनी ठरवलं. पण ते चक्र अंगावर घेऊन, दहा रेडिएटर लावून, ती गाडी पावसात ऑपेराला नेता येईल इतकी शांत करणं, हे काम मला जास्त थक्क करतं.

शेवटचा मुद्दा टायरचा. इंजिन मोठं करता येतं, रेडिएटर वाढवता येतात, पण रबर रबरच राहतं. वेरॉनसाठी मिशेलिनने खास टायर केले. कमाल वेगाला ते साधारण पंधरा मिनिटं टिकतात असं सांगितलं जातं, म्हणजे पेट्रोल त्याआधी संपतं. हा योगायोग सुखाचा आहे.

२ ऑगस्ट २०१९ ला वेरॉनची वारसदार शिरॉन, १६०० अश्वशक्तीची, अँडी वॉलेस यांच्याच हाती एरा-लेसिएनवर ताशी ४९०.४८४ किलोमीटरपर्यंत गेली. पण एकाच दिशेने, त्यामुळे विक्रमासाठी दोन्ही दिशांच्या वेगाची सरासरी धरायचा जो नियम आहे, त्यात हा आकडा बसत नाही. त्या वेगाला चाकाच्या कडेवरचा प्रत्येक कण बाहेर फेकला जाऊ पाहतो. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, गणित तुम्हीच करा. त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पाच हजार पटींच्या वर निघतं. टायरच्या पृष्ठभागावरचं एक ग्रॅम रबर तिथे पाच किलोहून जास्त जोराने सुटायला ओढ घेतं, सेकंदाला साठ-एक वेळा फिरताना, आणि दर फेरीत जमिनीला टेकून चपटं होताना. आतल्या धाग्यांत एक बारीकसा दोष असला तर तो पहिल्याच मिनिटाला उघडा पडेल. म्हणून त्या टायरांना आतून जादा मजबुती दिली, आणि गाडीवर चढवण्याआधी एकेका टायरचा एक्स-रे काढला.