हिरवा दिवा लागलाय, तरी फाइल अडकते? स्विचच्या पोर्टचं डुप्लेक्स तपासा

नमस्कार मंडळी, बडोद्याहून बोलतोय. मकरपुरा जीआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये एक तक्रार नेहमी ऐकू येते. ऑफिसमधून सीएनसी मशीनला (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर कापकाम करणाऱ्या) प्रोग्रॅम पाठवला, की छोटी फाइल जाते आणि मोठी अर्ध्यावर लटकते. पिंग, म्हणजे 'आहेस का?' विचारणारा छोटा संदेश, मात्र व्यवस्थित. नेटवर्कच्या केबल जिथे जुळतात, त्या स्विचवर हिरवा दिवा. मग आधी केबल बदलतात, मग शेठ नवा स्विच आणतात, आणि तक्रार जिथल्या तिथे. असं दिसलं की खर्च करण्याआधी पोर्टचं, म्हणजे स्विचवर केबल लागते त्या खाचेचं, सेटिंग बघा.

पोर्टचे दोन मुद्दे ठरावे लागतात. एक स्पीड, दुसरा डुप्लेक्स. फुल डुप्लेक्स म्हणजे पाठवणं आणि घेणं एकाच वेळी. हाफ म्हणजे आळीपाळीने. दोन्ही टोकं ऑटोवर असली तर ती आपसात बोलून ठरवतात.

आता जुन्या मशीनच्या कंट्रोलरवर कुणीतरी 100 फुल (100 एमबीपीएस स्पीड, फुल डुप्लेक्स) फिक्स करून ठेवलेलं असतं. फिक्स केलेलं टोक बहुतेक वेळा बोलणीच करत नाही. समोरच्या ऑटोवाल्या स्विचला सिग्नलवरून 100 चा स्पीड ओळखता येतो, पण डुप्लेक्स ओळखायला काहीच मार्ग नसतो. अशा वेळी हाफ धरायचं, असा इथरनेट स्टँडर्डचाच नियम आहे. म्हणजे स्विच नियमाने चाललाय, तरी काम बिघडतं! स्विच फ्रेम (डेटाचा एक तुकडा) पाठवत असतानाच मशीनही पाठवू लागतं. स्विच त्याला टक्कर समजतो आणि फ्रेम मध्येच सोडतो. पिंगचं पाकीट इवलंसं, ते निसटून जातं. मोठी फाइल मार खाते.

सिस्कोच्या स्विचवर 'शो इंटरफेसेस स्टेटस' द्या. हा बघा सात नंबरचा पोर्ट: डुप्लेक्सखाली 'ए-हाफ', स्पीडखाली 'ए-100'. हा 'ए' म्हणजे ऑटोने ठरलेलं. आता याच पोर्टचं 'शो इंटरफेसेस' उघडा आणि खाली 'लेट कोलिजन'चा, म्हणजे उशिरा झालेल्या टकरींचा, आकडा शोधा. काउंटर क्लिअर करा, फाइल पाठवा, परत बघा. आकडा चढला, की चोर सापडला.

मशीन ऑटोवर जात असेल तर तेच करा, माझी पहिली पसंती तीच. कंट्रोलरला हात लावता येत नसेल, तर स्विचच्या त्या पोर्टवर आधी 'स्पीड 100', मग 'डुप्लेक्स फुल'. त्या क्षणी लिंक पडून परत उठते. मशीन नेटवर्कवरून प्रोग्रॅम ओढत जॉब कापत असेल, तर कृपा करून थांबा. ऑपरेटरभाईंना विचारून, जॉब उतरल्यावरच एंटर दाबा. 'डिस्क्रिप्शन'मध्ये मशीनचं नाव टाका आणि कॉन्फिग सेव्ह करा, नाहीतर लाइट गेली की सगळं पहिल्यासारखं.

तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला (1000 एमबीपीएस) मात्र हा उपाय लावू नका. 1999 च्या 802.3एबी स्टँडर्डनुसार तिथे ऑटो-निगोशिएशन, म्हणजे ती ऑटोची बोलणी, लागतंच. गिगाबिट पोर्ट 100 वर अडकला असेल तर आधी कनेक्टर बघा. गिगाबिटला केबलमधल्या वायरच्या चारही जोड्या लागतात, 100 ला दोन पुरतात. क्रिंपिंगमध्ये, म्हणजे केबलवर कनेक्टर दाबून बसवताना, एक वायर सैल राहिली, तरी बरेचसे पोर्ट 100 वर उतरतात. तिथे कमांड देऊन उपयोग नाही, कनेक्टर कापून नवा मारा.