तोच सडा, तीच पुळण
(तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. तुमच्या मनातला पहिला प्रश्न आधी उरकून टाकते, नाहीतर तासभर तुम्ही तोच धरून बसाल. मुलांना शाळेत न घालणं कायद्यात बसतं का? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळण्याची जबाबदारी त्याने सरकारवर टाकली. घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी त्यात वेगळं कलम नाही. परीक्षेची वाट आहे, तिच्याकडे शेवटी येते.

दुसरा प्रश्न, "मग दिवसभर करतात काय?" सकाळी अभ्यास करतात. गणित, मराठी, इंग्रजी. रोज, आणि कुरकुरत. मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंत अशी मुलं झाडावर बसून पुस्तक वाचत असतात. आमची झाडावर चढतात तेव्हा पुस्तक खाली पडलेलं असतं. नवरा आंबा-काजूच्या बागांचं बघतो, मी घरून हिशेबाची कामं करते. आमची थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊचा. राहतो रत्नागिरी जिल्ह्यात, पावस-पूर्णगडच्या बाजूला. अकरा वाजता वह्या मिटतात, आणि आज मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं.

लोकांना वाटतं, घरी शिकणारी मुलं म्हणजे बारा महिने सहल. आम्ही फारसे कुठेच जात नाही. घरामागचा सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, खालची पुळण म्हणजे वाळूचा किनारा, तिच्या टोकाचं खडप म्हणजे समुद्रातले खडक, मुचकुंदीच्या खाडीचा काठ आणि शेजाऱ्यांची शेतं, एवढ्याच आमच्या जागा. वर्षानुवर्षं तिथेच जातो. मुलाला दहा नव्या जागा दाखवण्यापेक्षा एकच जागा दहा वेगळ्या महिन्यांत दाखवावी, असं माझं मत आहे. ते बरोबर आहे की नाही, ते तुम्ही सड्यावरून ठरवा.

मे महिन्यात आमच्या सड्यावर सकाळी नऊनंतर पाय ठरत नाही. काळपट, उघडा जांभा, लांबवर नुसता कातळ. पाहुणे म्हणतात, "इथे काय बघायचं?" मुलांच्या वहीत मेच्या पानावर टिटवीची अंडी आहेत. टिटवी घरटं असं बांधतच नाही, थोडे खडे गोळा करते आणि त्यातच अंडी घालते. अंड्यांचा रंग असा, की दोन हातांच्या अंतरावर उभं राहूनही दिसत नाहीत. टिटवी ओरडून डोक्यावर घिरट्या घालायला लागली की कळतं, आपण नको तिथे आलोय. अशा वेळी मागे फिरायचं, हे मुलांना सांगावं लागलं नाही. टिटवीनेच सांगितलं.

जूनमध्ये दोन-चार सरी झाल्या की त्याच कातळाच्या भेगांतून दीपकाडी वर येते. पांढरी, लांब दांड्याची फुलं. ही आपल्या कोकणच्या सड्यांवरची खास वनस्पती. जगात इतरत्र शोधून सापडणार नाही, आणि आपण तिच्यावरून गाडी वळवतो. जुलैत सड्यावर जागोजागी डबकी होतात, त्यांत बेडकांची पिल्लं. आणि श्रावण-भाद्रपदात तिथे काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. गेंदाचे पांढरे ठिपके, आणि मधे निळ्या-जांभळ्या रंगाची सीतेची आसवं.

एकदा धाकट्याने विचारलं, "दगडावर माती बोटभर, मग ही खातात काय?" प्रश्न चोख होता. आम्ही सीतेच्या आसवांचं एक, फक्त एकच रोप मुळासकट उचललं, घरी आणून पांढऱ्या बशीत पाणी घालून हलकेच धुतलं. माती सुटली. मुळांसारख्या दिसणाऱ्या धाग्यांना बारीक फुगे लटकलेले, मोहरीहून कितीतरी लहान. हातभिंगाखाली धरले तेव्हा थोरली ओरडली, "आई, एकात काहीतरी काळं आहे." ते त्या झाडाचं जेवण. फुग्याच्या तोंडाशी केस असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव त्यांना लागला की झाकण उघडतं, पाणी जिवासकट आत ओढलं जातं आणि झाकण मिटतं. कातळावरच्या मातीत नायट्रोजन नावापुरता, म्हणून झाडाने ही सोय केली. पाठ्यपुस्तकात कीटकभक्षी वनस्पतींवर जेमतेम एक परिच्छेद असतो. तो धाकट्याने नंतर वाचला आणि म्हणाला, "यात फुगे कसे दिसतात ते लिहिलंच नाही."

ऑक्टोबरचं ऊन लागलं की सगळं पिवळं. गवत कापून भारे बांधले जातात, आणि पुन्हा तोच उघडा कातळ. मात्र आता मुलांना तो ओसाड दिसत नाही. खाली काय झोपलंय ते त्यांना माहीत असतं. सरकारदरबारी असल्या जमिनी पडीक ठरतात, मग सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे घेतात किंवा चिऱ्याची खाण लावतात. मी आंबेवाल्याची बायको आहे, त्यामुळे यावर फार आवाज चढवायचा मला अधिकार नाही. पण मुलं बापाला जेवताना हे विचारतात, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

कोरड्या महिन्यांत आम्ही कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं, बघायला जातो. त्यातही कशेळीला जास्त. तिथला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती. जमिनीवर उभं राहून तो अख्खा दिसतच नाही. मुलांनी सुतळी धरून बाह्यरेषेवरून चालत वहीत कच्चा आराखडा केला तेव्हा कुठे सोंड कुठली ते कळलं. प्रमाणात काढणं, म्हणजे एक चौकट बरोबर एक मीटर, हे भूमितीचं काम तिथे आपोआप झालं. देवाचे गोठणे इथे होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडे वळते, कारण त्या जागी खडकाचं चुंबकत्वच वेगळं आहे. २०२२ मध्ये कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे अशी कोकणातली ही ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक धरून नऊ, युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. काही हजार वर्षांपूर्वी ती कोणी कोरली, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. मी कोणत्याच तटात नाही.

आता खाली पुळणीवर येऊ. समुद्राकाठी राहणाऱ्याचं वेळापत्रक घड्याळावर चालत नाही. शेजारच्या आजी कालवं काढायला खडपावर जातात. त्यांच्याकडे मोबाइल आहे, तो नातवाशी बोलायला. निघायच्या आधी त्या विचारतात, "काय गो बाय, आज तिथ कंची?" थोरली म्हणाली, "षष्ठी." आजींनी क्षणभर ओठ हलवले. "म्हंजे साडेचारला भरती. सकाळी सव्वाधाला पानी खाली असंल, चल."

ही तिथीची पाऊणपट. पक्षातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तास पुढे किंवा मागे ओहोटी. अपूर्णांकांचे गुणाकार आम्ही यावरच शिकलो. पुढे थोरलीने छापील कोष्टकाशी ताडून पाहिलं, तर थोडा फरक निघाला. आजींचं गणित तिथीमागे पंचेचाळीस मिनिटं धरतं, प्रत्यक्षात भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि तिथी काही दिवसाएवढीच लांब नसते. मग चंद्र रोज उशिरा का उगवतो इथपर्यंत गाडी गेली. कालवं काढायची तर उधाणाचे, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे दिवस चांगले, कारण तेव्हा ओहोटीही खोल जाते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, आजी जात नाहीत, "पानी हालत न्हाय" म्हणतात. त्या दिवशी आम्ही खाडीवर जातो.

पावसाळा, म्हणजे खरा जुलै, याबद्दल मी गोड बोलणार नाही. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते, वीज संध्याकाळी गेली की कधी येईल ते देवाला ठाऊक, आणि दोन मुलं एका पडवीत भांडत असतात. शाळा तेव्हा मुलांना निदान वेगळं छप्पर देते. आम्ही दोन गोष्टींवर जुलै काढतो. एक, शेजारच्यांची लावणी. तरवा म्हणजे भाताची रोपं काढून मुठी बांधून द्यायच्या, चिखलात उतरायचं, दुपारी बांधावर त्यांच्यातलीच भाकरी. दोन, पर्जन्यमापक. सरळ कडेची बाटली, नरसाळं, पट्टी. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून आमचाही तेव्हाच. ६४.५ मिलिमीटरच्या वर मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, हे आकडे धाकट्याला पाढ्यांच्या आधी पाठ होते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. थोरलीने एकदा आमच्या कौलांचं क्षेत्रफळ काढलं, शंभर चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे शंभर मिलिमीटरच्या एका दिवसात छपरावरून दहा हजार लिटर पाणी गेलं. वर्षाला इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. "मग एप्रिलात आपण टँकरची वाट का बघतो?" त्या प्रश्नाचं उत्तर देता देता आम्ही पागोळ्यांखाली पन्हळ लावली. नवऱ्याला मी गेली कित्येक वर्षं हेच सांगत होते, ते वेगळं.

जेटीवर १ जून ते ३१ जुलै शुकशुकाट. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला एकसष्ट दिवस बंदी असते, मासळीच्या विणीचे दिवस म्हणून. होड्या शाकारलेल्या, तांडेल ओट्यावर बसून जाळी तुणत असतात. सीझनमध्ये त्यांना बोलायला फुरसत नसते. माणसांनाही भेटायचा ऋतू असतो.

थंडीत गावखडीच्या पुळणीवर कासवं येतात, ऑलिव्ह रिडले. वेळासचं नाव सगळ्यांना माहीत आहे, २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन तिथे संवर्धन सुरू केलं. आता किनाऱ्यावर अनेक गावांत कासवमित्र आहेत. मादी रात्री शंभराच्या आसपास अंडी घालून जाते, ती उचलून कुंपणातल्या खड्ड्यात पुरतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. वाळू ऊबदार असली तर माद्या जास्त, गार असली तर नर. पाहायला जाणाऱ्यांना एकच सांगणं आहे. पिल्लाला हात लावू नका, टॉर्च मारू नका, आणि आज पिल्लं निघाली नाहीत तर मुलाला गप्प घरी आणा. आम्ही कितीदा तरी खड्ड्यावरची नुसती टोपली बघून परत आलोय.

आता सोबतीचा प्रश्न. आमच्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा पाच वाजता सुटते आणि त्यानंतर मैदानात सगळे एक. शिमग्यात पालखी नाचवताना, गणपतीत जाखडीला, कोण शाळेतला आणि कोण घरचा हे कोणी विचारत नाही. तिथले गुरुजी आम्हाला ग्रंथालयाची पुस्तकं देतात. घरी शिकवणारे काही पालक शाळेला नावं ठेवण्यातच दिवस घालवतात, मला ते पटत नाही. त्यांच्या मुलांना खेळायला गडी कुठून मिळतात?

परीक्षेचं सांगते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ मध्ये सुरू झाली. चौदा पूर्ण झालेल्या मुलाला तिथे दहावीच्या पातळीला बसता येतं. पाच विषय, एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी, परीक्षा वर्षातून दोनदा. आपल्या राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म तुम्हाला माहीतच आहे. आपल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी भर पावसात ११० मैल चालत साताऱ्याला गेले होते, आणि वयाने लहान दिसता म्हणून त्यांना बसू दिलं नाही. थोरलीने हे वाचून पहिला प्रश्न विचारला, "वयाचा दाखला नव्हता का त्यांच्याकडे?" तिची कागदपत्रं आता एका फाइलमध्ये आहेत, आणि ती फाइल तिनेच लावली आहे.

धाकट्याचं वेगळं. त्याला जूनपासून शाळेत जायचंय. कारण विचारलं तर म्हणाला, मधल्या सुट्टीत मॅच असते आणि त्याला ती चुकते. आम्ही गुरुजींना भेटून आलो. कायद्याने त्याला वयानुसार वर्गात प्रवेश द्यावाच लागतो, मागचे दाखले नसले तरी, त्यामुळे तो चौथीत बसेल. पर्जन्यमापकाचं काय, असं त्याने बहिणीला विचारलं. साडेआठची नोंद ती करणार आहे, शनिवार-रविवारची त्याने स्वतःकडे ठेवली आहे.