रेंडिले बाईचं बिऱ्हाड

नमस्कार श्रोतेहो.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो तेव्हा आवाजात थोडी कीव असते. आज मी ज्या घराविषयी बोलणार आहे ते सगळंच्या सगळं पाठीवर जातं, उंटाच्या पाठीवर. आणि ते रचण्यात जी अक्कल आहे ती समजली की कीव कुठच्या कुठे पळते.

केनियाच्या उत्तरेला, तुर्काना सरोवर आणि मार्साबिटचा डोंगर यांच्या मधल्या रखरखीत मुलखात रेंडिले लोक राहतात. 2019 च्या जनगणनेत त्यांची संख्या लाखाच्या आत भरली. उंट हे त्यांचं मुख्य धन. पाऊस पडेल तिकडे चारा, आणि चारा असेल तिकडे माणसं. अशा माणसांनी घरात काय ठेवावं? कपाट, पलंग, टेबल यांतलं काहीच नाही. तरी त्यांच्या घरात सामान भरपूर आहे, फक्त त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू दोन कामं करते.

घराला ते ‘मिन’ म्हणतात. लवचीक काठ्या वाकवून केलेला घुमटाचा सांगाडा, त्यावर चटया आणि कातडी. चटया विणल्या जातात घायपातासारख्या रानवनस्पतीच्या तंतूंच्या. हे घर बाईचं. लग्नात ते उभं करतात बायका, पुढे डागडुजी करते ती, मोडते ती आणि नव्या जागी पुन्हा उभारतेही तीच.

मुक्काम हलवायचा दिवस आला की खरी गंमत दिसते. छपराच्या चटया उतरून उंटाच्या पाठीवर गादीसारख्या बसतात. सांगाड्याच्या काठ्या दोन्ही बाजूंना बांधल्या की त्याच खोगिराचा आधार होतात. त्यांना भांडी लटकतात आणि वर लहान पोरं बसतात. काल ज्या काठ्यांखाली झोपले, आज त्यांच्याच आधाराने प्रवास! आपल्याकडे घर हलवायचं म्हणजे टेम्पो बोलवावा लागतो. इथे टेम्पोची बॉडी घरातच असते.

आत शिरायला मोठ्या माणसाला वाकावं लागतं. दाराजवळ चूल, मागच्या बाजूला अंथरलेली कातडी, तीच झोपायची जागा. पुरुषांजवळ लाकडाचं एक छोटं बसकं असतं. दिवसा त्यावर बसायचं आणि रात्री तेच उशाला घ्यायचं.

माझा सगळ्यात जास्त जीव जडला तो दुधाच्या भांड्यांवर. काही लाकूड कोरून केलेली, काही चक्क विणलेली. शतावरीच्या जातीतल्या रानझुडपाच्या मुळांचे धागे काढून बायका त्यांची इतकी घट्ट वीण घालतात की त्यातून दूध गळत नाही. मातीचं मडकं उंटावरून पडलं तर फुटेल, हे फुटत नाही आणि वजनालाही हलकं. एक भांडं पुरं व्हायला किती दुपारी लागत असतील, याचा विचार मनातून जात नाही.

ही भांडी घासायला पाणी कुठून आणणार? त्यांना धुरी देतात. ठराविक लाकडाचे निखारे आत टाकायचे, झाकून हलवायचं, मग राख झटकायची. त्या धुरानं आतली बाजू निर्मळ होते, दूध जास्त टिकतं आणि त्याला धुराचा वास लागतो. तो वास त्यांना आवडतो. आपल्याकडे चुलीवर तापलेल्या दुधाला जो वास येतो त्याची आठवण असणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

1970 च्या दशकातल्या दुष्काळांनंतर पुष्कळ कुटुंबं कोर, कार्गी अशा गावांच्या आसपास स्थिरावली, कारण तिथे विहिरी होत्या, शाळा आणि ख्रिस्ती मिशन होतं. मुक्काम हलणं कमी झालं. घुमटांवर चटईच्या जोडीला ताडपत्री, पुठ्ठे, जुनी कापडं दिसू लागली. पिवळे प्लास्टिकचे कॅन आले. पाणी वाहायला ते सोयीचे आहेत, मैलोन्‌मैल चालणाऱ्या बाईला त्यांचं मोल नक्की आहे. पण दुधासाठी कॅन वापरायचा तर अडचण येते, कारण निखारा टाकला की प्लास्टिक वितळतं.