दशांश, ओली हळद आणि सोमवारची बँक

नमस्कार श्रोतेहो. रविवारी सकाळी कडक इस्त्रीचे कपडे, हातात पवित्र शास्त्र आणि पहिल्या घंटेला चर्चमध्ये हजर. ख्रिस्ती माणसाची ही ओळख खरीच, पण ती जमायला फारसे कष्ट पडत नाहीत. सांगली जिल्ह्यात निष्ठेची परीक्षा उसाच्या बिलाशी आणि हळदीच्या पोत्याशी होते, म्हणून आज तिकडे जाऊ.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 23व्या अध्यायात येशू शास्त्री-परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना सुनावतो: पुदिना, शेप, जिरे यांचा दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास मात्र बाजूला ठेवता. मसाल्याच्या पेठेत राहणाऱ्यांना हे जरा जास्तच झोंबायला हवं. दशांश सोडा असं तो म्हणाला नाही बरं का. तेही करा आणि हेही सोडू नका, असं म्हणाला.

आता दशांश काढायचा कसा? नोकरदाराचं सोपं आहे, पगार झाला की त्याच दिवशी दहावा भाग वेगळा. शेतकऱ्याची गल्लत होते. समजा, 40 टन ऊस गेला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता 3,000 रुपये दर मिळाला. म्हणजे 1,20,000. त्यातून सोसायटीच्या पीककर्जाचे 45,000 कापून 75,000 खात्यावर आले. ते कर्ज बेणं, खत आणि मशागतीवरच खर्च झालं होतं. भांगलण आणि पाणीपट्टीचे 25,000 खिशातून गेले. राहिले 50,000, दशांश 5,000. बरेच जण काय करतात? कर्जाची कपात तर धरतातच, वर बेण्याखताचे 45,000 पुन्हा वजा करतात. उरतात 5,000 आणि दशांश होतो 500. मुद्दाम नसेलही, पण एकच खर्च दोनदा वजा झाला. घरचा किराणा, मुलाची मोटारसायकल, पाहुण्यांचा आहेर हे शेतीच्या खर्चात धरू नये, हे वेगळं सांगायला नको.

उलटी चूकही होते. उत्साहाच्या भरात 12,000 देऊन टाकायचे आणि पुढच्या लागणीला सावकार गाठायचा. प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहितो, जे आहे त्यातून द्या, नाही त्यातून नको. नव्या करारात, म्हणजे पवित्र शास्त्राच्या येशूनंतरच्या भागात, आकडा घालून दिलेला नाही. दहावा भाग हे जुनं माप आहे, धरलं तर हिशेबाला सोपं जातं एवढंच. बिल हप्त्यांनी येत असेल तर दरेक हप्त्याला काढून ठेवावा. दिवाळीच्या शेवटच्या हप्त्यावर ढकललेला दशांश दिवाळीतच संपतो. आणि चर्चला दिलं म्हणून आईच्या औषधाला हात आखडायचा, याला येशूनं मार्कच्या 7व्या अध्यायात चांगलंच फटकारलं आहे. तिथला शब्द ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं.

पण मत्तयाच्या ओळीतला तो ‘न्याय’ खळ्यावर भेटतो. हळद शिजवली की दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळायला हवी. नीट वाळलेलं हळकुंड मोडताना टणकन वाजतं; ओलं असलं तर मऊ वाकतं. चार दिवस आधी पोती भरली की वजन चढतं, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, बरी येते, आणि घेणाऱ्याच्या गोदामात दोन महिन्यांत बुरशी धरते. खोटं वजन परमेश्वराला किळसवाणं वाटतं, असं नीतिसूत्रांत आहे. ओलाव्याचं वजन हेही खोटंच वजन.

हळद काढायला आलेल्या बायकांची मजुरी हा दुसरा विषय. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण मजुराचा जीव तिच्यावर लागलेला असतो. आपल्याकडे आठवड्याचा पगार ठरलेला असेल तर चालतं, दोघांना मान्य आहे. ‘पट्टी आली की देते गं’ हे चालत नाही. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पैसे हातात पडले नाहीत तर तिच्या घरचा बाजार चुकतो. म्हणून काढणी सुरू करण्याआधीच आठवडाभराची मजुरी रोख बाजूला काढावी. ती जमत नसेल तर माणसं कमी लावावीत.

शेजारच्या साताऱ्यात कवी नारायण वामन टिळक 1917 साली मिशनची सेवा सोडून आले आणि ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही त्यात येऊ शकत. टिळकांच्या कविता आपण भक्तीनं गातो, पण त्यांनी हातचं उत्पन्न सोडलं होतं, ते गाताना विसरायला होतं.

राहिला मंडळीचा, म्हणजे चर्चचा पैसा. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना पौलानं सोबत माणसं घेतली, कुणी बोट दाखवू नये म्हणून. आपणही उपासना संपताच, चहाच्या आधी, नात्यात नसलेल्या दोघांनी दान मोजावं. नोटा किती, नाणी किती हे वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि सोमवारी रक्कम बँकेत भरावी. बिघडतं ते इथेच: खजिनदार थैली घरी नेतो, मधे लग्नकार्य निघतं, ‘दोन दिवसांत टाकतो’ म्हणतो आणि सहा महिने जातात. माणूस वाईट नसतो, थैली मात्र त्याच्या कपाटात असते. मोबाइलवरून देणाऱ्यांसाठी भिंतीवर लावलेला क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच असावा, खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरचा नको. या रविवारी स्कॅन करताना पडद्यावर नाव कुणाचं येतं, ते वाचून मगच पैसे पाठवा. नमस्कार.