एका मीटरला १४ सेकंद

[दृश्य: तळघर. रुळाशेजारी खडूच्या दोन पांढऱ्या रेघा. डावीकडून इंजिनाचं चौकोनी तोंड हळूहळू पुढे येतं.]

ही माझ्या तळघरातली मॉडेल रेल्वे. या दोन रेघांमध्ये बरोबर एक मीटर अंतर आहे. इंजिनाचं तोंड पहिल्या रेघेवर आलं की मी स्टॉपवॉच सुरू करतो, दुसऱ्या रेघेवर बंद करतो. १४ सेकंद आले पाहिजेत. १३ आले तर गाडी घाई करते आहे. आणि हा घाट घाईत चढायचा नाही.

[दृश्य: कॅमेरा मागे सरकतो. तीन भिंतींच्या कडेने वर चढत जाणारा डोंगर, मध्ये बोगद्यांची तोंडं.]

हा घाट अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातला, क्लार्क्स गॅपचा. आणि रेल्वे व्हर्जिनियन. प्रवाशांसाठी थोड्या गाड्या होत्या, पण जन्म झाला तो कोळशासाठी. डोंगरातल्या खाणींतून कोळसा उचलायचा आणि थेट अटलांटिकच्या धक्क्यावर, नॉरफोकजवळच्या सूअल्स पॉइंटला, नेऊन ओतायचा.

विल्यम पेज नावाच्या खाणक्षेत्रातल्या इंजिनिअरने डीपवॉटर रेल्वे नावाचा छोटासा मार्ग हाती घेतला होता. शेजारच्या दोन बलाढ्य रेल्वे कंपन्या त्याच्या कोळशाला परवडेल असा दर देईनात. आता हा माणूस गाशा गुंडाळेल, असाच त्यांचा अंदाज असावा. पण पेजच्या पाठीशी हेन्री हटलस्टन रॉजर्स होता, स्टँडर्ड ऑइलमधला बडा असामी, आणि ही गोष्ट बाहेर कुणाला ठाऊक नव्हती. शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात त्यांचीच टाइडवॉटर नावाची दुसरी कंपनी निघाली. १९०७ मध्ये दोन्हींची मिळून व्हर्जिनियन झाली आणि १९०९ मध्ये डोंगर ते समुद्र असा मार्ग पुरा झाला. नॉरफोकच्या समारंभाला रॉजर्सचा मित्र मार्क ट्वेन आला होता. त्यानंतर काही आठवड्यांतच, मे १९०९ मध्ये, रॉजर्स गेला.

ही गोष्ट मी पाहुण्यांना नेहमी सांगतो. पण मला या रेल्वेकडे ओढून नेलं ते घाटाने. समुद्राच्या दिशेने भरलेल्या गाड्यांना सोपं जावं म्हणून सगळा मार्ग विचारपूर्वक आखलेला. खाणींच्या दरीतून बाहेर पडायला मात्र एल्मोर यार्डापासून क्लार्क्स गॅपच्या खिंडीपर्यंत चढावंच लागायचं, आणि तेही भरलेल्या गाड्यांना. चढ २.०७ टक्के. म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की दोन मीटरपेक्षा थोडं जास्त वर. पायी चालताना हे जाणवणारही नाही. हजारो टन कोळशाला जाणवतं.

[दृश्य: जुन्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल. पुढच्या सिलिंडरवर कॅमेरा थांबतो.]

या चढासाठी १९१८ मध्ये दहा इंजिनं घडवली गेली. पुढच्या सिलिंडरचा व्यास ४८ इंच, म्हणजे लहान मूल आत उभं राहील एवढा. वाफेच्या इंजिनावर याहून मोठा सिलिंडर कधी बसला नाही. एक इंजिन पुढे, ही दांडगी इंजिनं मागून रेटायला, आणि तरीही गाडी इतकी मंद की धावणारा माणूस तिला मागे टाकेल.

मग या घाटाच्या डोक्यावरून विजेची तार आली. मलेन्स ते रोआनोक, १३४ मैल, ११,००० व्होल्ट. न्यू रिव्हरच्या काठी नॅरोज गावात रेल्वेने स्वतःचं वीजघर बांधलं. १९२५ पासून विजेवर गाड्या चढू लागल्या. तीन चौकोनी पेट्या एकमेकींना जोडाव्यात तसं हे इंजिन, चाकांवर वाफेच्या इंजिनासारखे जाड दांडे.

इथे जरा थांबतो, कारण तळघरातलं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. तारेतली वीज एकाच फेजची. इंजिनाच्या पोटातलं यंत्र तिच्या तीन फेज करायचं आणि त्यावर इंडक्शन मोटर फिरायच्या. अशा मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांना, बांधलेला असतो. ड्रायव्हरने वाटेल तसा वाढवायचा म्हटलं तर वाढत नाही. या इंजिनाला दोनच वेग होते, ताशी १४ मैल आणि ताशी २८ मैल. घाटात १४. ओझं कमी असो वा जास्त, १४.

[दृश्य: वहीचं पान. पेन्सिलने मांडलेलं गणित.]

माझं मॉडेल एचओ स्केलचं, खऱ्याच्या ८७ पट लहान. ताशी १४ मैल म्हणजे सेकंदाला सव्वासहा मीटर. भागिले ८७. सेकंदाला सात सेंटिमीटर आणि वर थोडे. एका मीटरला १४ सेकंद. हा आकडा वहीत उतरला त्या रात्री मी आधीचे सगळे नकाशे बाजूला ठेवले.

तोवर जे दिसलं ते सगळं बसवायच्या मागे होतो. १३४ मैल या स्केलमध्ये आणायचे तर अडीच किलोमीटर रूळ लागतील. कुठल्या तळघरात मावणार? म्हणून काय ठेवायचं ते घाटाच्या वेगावरूनच ठरवलं. खाली एल्मोर यार्ड, वर खिंड, मध्ये चढ. बाकी सगळं पडद्यामागच्या लपलेल्या यार्डात. ग्लेन लिनचा न्यू रिव्हरवरचा प्रचंड पूल सोडला, तेव्हा खरोखर वाईट वाटलं. त्या पुलाचे खांब आजही नदीत उभे आहेत, वर पूल नाही.

चढाची लांबी १८ मीटर. २.०७ टक्क्यांनी तेवढ्यात ३७ सेंटिमीटर उंची मिळते. एल्मोर माझ्या कमरेला, खिंड छातीच्या वर. गाडीला चढायला चार मिनिटं बारा सेकंद. चार मिनिटं एका खेळण्याकडे बघत राहणं फार वाटेल. पण शेजारून चालत जा तिच्याबरोबर. दोन पावलं टाकायची आणि थांबायचं, ती येईपर्यंत.

[दृश्य: वळणावर मालडबे. आतल्या बाजूला कललेला एक डबा.]

पहिली लांब गाडी मी फार हौसेने सोडली. २६ डबे, पुढे इंजिन, मागे बँकर, म्हणजे मागून रेटणारं इंजिन. तिसऱ्या वळणावर मधले चार डबे आतल्या बाजूला आडवे झाले, अगदी सावकाश, जणू कुणी दोरी ओढावी तसे. झालंही तसंच होतं. पुढून ओढ आणि मागे ओझं असलं की गाडी वळणावर सरळ व्हायला बघते, आणि मध्ये हलके डबे असले की तेच आत पडतात.

वजनाचा नियम जुना आणि साधा आहे. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस अशी, की एचओ डब्याला आधी एक औंस, मग लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. सहा इंची डब्याला चार औंस, म्हणजे ११३ ग्रॅम. मला माहीत होता, पण मी पाळला नव्हता. मग एकेक डबा काट्यावर ठेवला आणि तळाशी शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या. वळणांची त्रिज्याही ७५ सेंटिमीटरवरून ९० वर नेली. वळण जितकं आवळ तितकी चाकं रुळाला जास्त घासतात, आणि २ टक्के चढ अडीच टक्क्यांसारखा जड होतो.

बँकरने आणखी छळलं. दोन इंजिनांच्या वेगात केसाएवढा फरक असला तरी मागचं इंजिन डब्यांना दामटतं किंवा स्वतःच ओझं होऊन बसतं. इथेच खडूच्या रेघा कामी आल्या. आधी पुढचं इंजिन एकटं, १४ सेकंदांवर येईपर्यंत डीकोडरमधला, म्हणजे इंजिनातल्या वेग सांभाळणाऱ्या छोट्या सर्किटमधला, वेगाचा तक्ता बदलायचा. मग मागचं एकटं. मग दोन्ही एकत्र, आणि कान कपलिंगकडे, डब्यांच्या जोडांकडे. जुळलं की कपलिंगची टकटक थांबते, फक्त चाकांचा घरंगळल्यासारखा आवाज उरतो.

[दृश्य: हाताजवळून. चहाच्या गाळणीतून पडणारा काळा चुरा.]

डब्यांतला कोळसा खराच आहे. हातोडीने फोडायचा, गाळणीने चाळायचा, चाळणीवर उरतो तो घ्यायचा. डिंक पाण्यात पातळ करून त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, नाहीतर डिंक वर गोळी होऊन बसतो, आत मुरत नाही. ड्रॉपरने कडेकडेने सोडायचा. रात्रभर वाळला की ढीग एकसंध उचलता येतो. रंगवलेली वाळू मी वापरून पाहिली आहे. कोळशाच्या कडेला जी बारीक चमक असते, ती तिला येत नाही.

डोंगरात मी फार रमलो नाही. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यांवर प्लास्टरमध्ये बुडवलेलं कापड, वर रानाचे पुंजके. वेस्ट व्हर्जिनियातल्या दऱ्या अरुंद असतात. ओढा, रूळ आणि कामगारांच्या घरांची ओळ एकमेकांना खेटून. तेवढं साधलं की डोळा बाकीचं मानून घेतो.

डोक्यावरच्या तारेने मात्र पूर्ण हिवाळा घेतला. ०.४ मिलिमीटरची तार, लाकडी फळीवर खिळे ठोकून केलेला साचा, त्यात तार ताणून प्रत्येक सांध्याला सोल्डरचा डाग द्यायचा. सोल्डरिंग आयर्न क्षणभर जास्त टेकलं की आधीचा डाग सुटतो. म्हणून शेजारच्या सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा. या तारेत वीज नाही, ती रुळांतूनच येते. पण ती नसती तर ही व्हर्जिनियन कशी म्हणायची?

[दृश्य: दिवे मंद. खिंडीत थांबलेली गाडी.]

माझ्याकडे कायम १९३० चं दशक असतं. १ डिसेंबर १९५९ ला व्हर्जिनियन शेजारच्या नॉरफोक अँड वेस्टर्नमध्ये विलीन झाली. नव्या मालकांनी भरलेल्या गाड्या एका मार्गाने आणि रिकाम्या दुसऱ्या मार्गाने न्यायला सुरुवात केली. विजेची इंजिनं एकाच दिशेने कामाची उरली, आणि १९६२ मध्ये तार कायमची थंड झाली.

[दृश्य: बँकर सुटतो. थोड्या वेळाने लपलेल्या यार्डातून रिकाम्या डब्यांची गाडी खिंडीत येते.]

आता ही रिकामी गाडी खाली उतरेल. उतारावर त्या मोटरच जनित्र व्हायच्या, वीज तारेत परत जायची आणि गाडी आपसूक वेगाला धरून राहायची. म्हणून उतारासाठीही मी तोच तक्ता भरला आहे.

पहिली रेघ.

[दृश्य: स्टॉपवॉचवर अंगठा. काटा फिरतो. चाकांचा आवाज.]