गुरुजींच्या रेसच्या वह्या

(दृश्य : रेवदंड्याची खाडी, सकाळची ओहोटी.)

कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आणि चौल ही दोन गावे नारळी-पोफळीच्या वाड्यांत एकमेकांना लागून वसली आहेत. मध्ययुगात अरबस्तान आणि इराणकडचे घोडे जहाजांतून याच किनाऱ्यावर उतरत असत. 1469 च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला एक घोडा घेऊन उतरला, आणि तो इथवर आणायला शंभर रूबल पडले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. जुन्नरला पोहोचल्यावर तिथल्या असदखान नावाच्या अधिकाऱ्याने घोडा काढून घेतला आणि धर्म बदलल्यासच तो परत मिळेल, अशी अट घातली. एका खुरासानी माणसाने रदबदली केली, म्हणून निकितीनचा घोडा वाचला. आधीच अस्त्राखानजवळ लुटल्या गेलेल्या त्या माणसाचे बरेचसे नशीब त्या एका जनावरावर टांगलेले होते.

ही हकिकत आम्हाला ज्यांनी सांगितली, ते गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत. गाव त्यांना गुरुजी म्हणते, आणि आपले नाव या चित्रफितीत येऊ नये, एवढी एकच विनंती त्यांनी आम्हाला केली. त्यांच्या माडीवरच्या लाकडी पेटीत घोड्यांच्या शर्यतींच्या वह्या आहेत. शर्यतीवरच्या पैजेतून सातत्याने नफा मिळवता येईल अशी रीत बसवता येते का, या एकाच प्रश्नाभोवती त्या सगळ्या वह्या लिहिल्या गेल्या आहेत.

(दृश्य : मांडवा जेट्टी, गेटवेकडे निघालेली बोट.)

मुंबईचा रेसचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल असा चालतो, म्हणजे समुद्र शांत असतो आणि मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या बोटी नियमित सुटतात, तेव्हाच. गुरुजी त्या बोटीने महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जातात. महालक्ष्मीचे मैदान 1883 पासूनचे आहे. घोड्यांच्या शर्यतीत निकाल प्रामुख्याने कौशल्यावर ठरतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला. मात्र कौशल्याचा खेळ म्हणजे फायद्याचा खेळ नव्हे, आणि गुरुजींच्या साऱ्या विचाराची सुरुवात या फरकापासून होते.

टोटच्या, म्हणजे सामाईक पैजेच्या, खिडकीवर पैज लावणारा माणूस शर्यती भरवणाऱ्या क्लबशी नव्हे, तर शेजारच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाशी पैज लावत असतो. सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, त्यातून ठरलेला वाटा कापला जातो आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांवर वाटली जाते. 1867 मध्ये पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी सुरू केलेली ही पद्धत आज जगभर रूढ आहे. तिचा अर्थ असा की, जो घोडा सर्वांना आवडतो तो जिंकला तरी हाती थोडेच पडते. गुरुजी याला आंब्याचे उदाहरण देतात. ते म्हणाले, “अहो, चांगला हापूस बाजारात सगळ्यांनाच ओळखता येतो. पण चार हजारांची पेटी तुम्ही सहा हजारांना उचललीत, तर आंबा कितीही गोड निघाला तरी तोटाच झाला ना?”

म्हणून फळ्यावरचा भाव, म्हणजे घोडा जिंकल्यास किती मिळतील हा लोकांच्या पैजांवरून ठरणारा आकडा, पाहण्यापूर्वीच ते प्रत्येक घोड्याच्या जिंकण्याची शक्यता टक्क्यांत लिहितात आणि सर्वांची बेरीज शंभर येते ना, हे तपासतात. त्यासाठी ते घोड्याची आधीची वेळ, अंतर, पाठीवरचे वजन, शर्यतीचा वर्ग चढला की उतरला, मागच्या धावेनंतर गेलेले दिवस, जॉकी आणि मैदानाची ओल एवढे पाहतात. ओलीकडे मात्र त्यांचे विशेष लक्ष असते. अलिबाग तालुक्याच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी बैलगाड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या शर्यती होतात, आणि घट्ट ओल्या वाळूवर उडणारे जनावर भुसभुशीत वाळूत कसे जड होते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले आहे. पुण्याच्या पावसाळी हंगामात मैदानाचा मऊपणा मोजणाऱ्या पेनिट्रोमीटरचा आकडा जाहीर होतो, तेव्हा त्यांना तीच वाळू आठवते.

(दृश्य : वहीचे पान, दोन रकाने.)

दुसऱ्या रकान्यात लोकांचा भाव येतो, आणि इथे गुरुजींनी बिल बेंटर या अमेरिकन माणसाकडून एक गोष्ट शिकली, जी आम्हाला या विषयातली सर्वांत मोलाची वाटते. बेंटर यांनी 1980 च्या दशकात हाँगकाँगमध्ये संगणकाच्या साहाय्याने प्रत्येक घोड्याची शक्यता काढायला सुरुवात केली, पण पहिल्या काळात त्यांना पैसे गमवावे लागले. लोकांच्या भावातही पुष्कळ माहिती दडलेली असते, हे ओळखून त्यांनी आपला अंदाज आणि बाजाराचा भाव यांचा योग्य प्रमाणात मेळ घातला, तेव्हा त्यांची रीत भक्कम झाली. स्वतःचा अंदाज आणि लोकांचा अंदाज फार दूर असेल, तर बहुतेक वेळा चूक आपलीच असते, हे मान्य करायला गुरुजींना दोन हंगाम लागले. हाँगकाँगमध्ये पैजांची उलाढाल प्रचंड असते, हेही लक्षात ठेवले पाहिजे; लहान उलाढालीत आपलीच मोठी पैज आपला भाव पाडते.

समजा, एखाद्या घोड्याची खरी शक्यता 25 टक्के आहे आणि एका रुपयाला, मूळ रुपया धरून, पाच रुपये मिळणार आहेत. शंभर रुपयांमागे सरासरी सव्वाशे परत येतील, म्हणजे पैज उत्तम आहे. तरीही अशा शंभर पैजा लावणाऱ्या दहा जणांपैकी साधारण एक जण तोट्यात राहतो, आणि वाटेत सलग दहा-अकरा वेळा हरणे ही नेहमीची बाब असते. उलट, त्याच भावाला ज्याच्या घोड्यांची खरी शक्यता 20 टक्केच आहे, म्हणजे ज्याच्याकडे कसलेही कौशल्य नाही, अशा आठांतला साधारण एक जण शंभरांत 25 वेळा किंवा त्याहून जास्त जिंकतो आणि स्वतःला जाणकार समजू लागतो. एका हंगामाच्या कमाईवरून कोणतीही रीत सिद्ध होत नाही, हे गुरुजी इतक्या कळकळीने सांगतात, कारण ओळखीतल्या एका माणसाची वाडी याच समजुतीपायी गेलेली त्यांनी पाहिली आहे.

किती लावायचे, याचे सूत्र जॉन केली यांनी 1956 मध्ये मांडले. सरासरी फायद्याला निव्वळ भावाने, म्हणजे मूळ रुपया वगळून मिळणाऱ्या रकमेने, भागायचे. वरच्या उदाहरणात 25 टक्के फायद्याला चारने भागले की भांडवलाचे सव्वासहा टक्के येतात. दहा हजारांच्या भांडवलावर हे 625 रुपये झाले, पण आपला अंदाज चुकू शकतो म्हणून गुरुजी त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त धरत नाहीत. निकितीनची गोष्ट ते याच ठिकाणी सांगतात.

(दृश्य : महालक्ष्मी, टोटच्या खिडक्या.)

आता करांचा हिशेब. 22 सप्टेंबर 2025 पासून घोड्यांच्या शर्यतीवरील पैजेला 40 टक्के वस्तू व सेवा कर लागतो, आणि तो क्लबच्या कमिशनवर नव्हे, तर पैजेच्या पूर्ण रकमेवर लागतो. शंभरांच्या पैजेवर हा कर वेगळा धरला तर खिशातून 140 रुपये जातात, आणि 25 टक्के शक्यतेच्या घोड्यावर केवळ बरोबरी साधायला 400 ऐवजी 560 रुपये मिळावे लागतात. मघाची उत्तम पैज इथेच तोट्याची झाली. त्यानंतर जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के प्राप्तिकर असतो, आणि हरलेल्या तिकिटांची रक्कम त्यातून वजा करता येत नाही. लोकांचा भाव इतका चुकलेला फार क्वचित सापडतो. आपल्या रीतीने आज खिडकीवर नियमित नफा होणे शक्य नाही, हे गुरुजी स्पष्टपणे सांगतात. कर चुकवून बेकायदा बुकीकडे जाणे त्यांना मान्य नाही. त्यामुळे हल्ली बहुतेक पैजा ते फक्त वहीतच लावतात, आणि तिथला हिशेबही करासह मांडतात.

आम्ही त्यांच्याबरोबर गेलो त्या दिवशी सहाव्या रेसमधल्या एका घोडीला त्यांनी 22 टक्के दिले होते आणि समोर लिहिले होते : शंभराला किमान 640. रेस सुटायला दोन मिनिटे असताना फळ्यावर 700 दिसत होते, म्हणून गुरुजी उठून खिडकीकडे निघाले. रांगेत पुढे दोन माणसे असताना भाव 580 वर उतरला. ते परत येऊन बसले. घोडी जिंकली. गुरुजींनी तिची वेळ लिहिली, तिकिटाच्या रकान्यात आडवी रेघ ओढली, आणि मांडव्याची बोट चुकू नये म्हणून आम्ही पुढच्या रेसआधीच मैदान सोडले.